विकत घेतलेलं जंगल

सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला, मिल व्हॅली गावाजवळ, रेडवूडचं एक जुनं रान आहे. आजूबाजूची झाडं केव्हाच तोडून झाली होती. ही दरी अडचणीची, लाकूड बाहेर काढणं अवघड, म्हणून वाचली. 1905 मध्ये विल्यम केंटने इथली 611 एकर जागा 45,000 डॉलर्सना विकत घेतली.

सातबारा नावावर झाला की विषय संपला ना? नाही! 1907 मध्ये एक पाणी कंपनी कोर्टात गेली. ओढ्यावर धरण बांधायचंय, जमीन सक्तीने मिळवून द्या म्हणे.

इथे केंटचं डोकं बघा. खाजगी मालकाची जमीन अशी घेता येते, केंद्र सरकारची नाही. 1906 च्या पुराणवस्तू कायद्यानुसार सरकार देणगीत जमीन घेऊ शकत होतं, आणि काँग्रेसला न विचारता राष्ट्राध्यक्ष ती 'राष्ट्रीय स्मारक' जाहीर करू शकत होते. पठ्ठ्याने 295 एकर सरकारला देऊनच टाकली. 9 जानेवारी 1908 ला थिओडोर रूझवेल्टनी सही केली. दावा खल्लास. (कायद्यातली ही पळवाट नव्हे, सरळ दरवाजाच होता. फक्त दिसायला हवा.)

स्मारकाला स्वतःचं नाव नको म्हणाला, निसर्गप्रेमी जॉन म्यूरचं द्या. म्हणून 'म्यूर वुड्स'.

आणि हाच केंट 1913 मध्ये काँग्रेसमध्ये योसेमिटीतल्या हेच हेची धरणाच्या बाजूने उभा राहिला. त्या धरणाविरुद्ध म्यूर वर्षानुवर्षं जिवाच्या आकांताने लढत होता. पुढच्याच वर्षी तो गेला.