रिकाम्या पाठीचा घोडा

सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा पारखणारा माणूस आधी भोवरे शोधतो. देवमण कुठे आहे, मालक पंचकल्याणी म्हणतोय तर चारही पाय आणि तोंड खरंच पांढरं आहे का, चाल कशी आहे. तापीकाठचं हे गाव १ जुलै १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यात होतं, आता नंदुरबारात आहे. दत्तजयंतीला भरणारा तिथला घोडेबाजार मात्र जिल्ह्याची हद्द कधी मानत नव्हता आणि आजही मानत नाही. या बाजारात देवाने घडवला तसाच घोडा घ्यायचा असतो; एखादा भोवरा खटकला तर इसार न देता पुढच्या दावणीकडे वळायचं.

सोनाराला पाटल्या सांगाव्यात तसा घोडा सांगून करून घेणं ही निराळी गोष्ट. तिथे भोवऱ्याचं कोणी विचारत नाही. या घोड्यावर बसणार कोण, एवढंच आधी ठरवावं लागतं.

या रीतीचं सगळ्यात जुनं रूप खानदेशच्या वेशीवरच सापडतं. नर्मदा ओलांडली की छोटाउदेपूरचा राठवा मुलूख लागतो, आणि पार वर साबरकांठ्यात पोशिना. या सगळ्या भिल्ल-राठवा पट्ट्यात नवस बोलायचा तो मातीच्या घोड्याचा. पीक येऊ दे, गुरं वाचू देत, घरातलं माणूस अंथरुणातून उठू दे. काम झालं की कुंभाराकडे जायचं आणि घोडा सांगायचा. कुंभार धड, मान, पाय चाकावर वेगवेगळे फिरवतो आणि ओलं असतानाच जोडतो. पायसुद्धा नळीसारखे पोकळ ठेवतो, कारण भरीव माती आव्यात तडकते. मग वाजतगाजत, बडवो म्हणजे तिकडचा भगत पुढे, अशी मंडळी घोडा न्यायला येतात. देवाच्या झाडाखाली तो जुन्या घोड्यांच्या रांगेत उभा राहतो. तिथून पुढे त्याची डागडुजी नाही. कान पडो, पाय मोडो, पावसात माती होवो. दिला तो दिला.

या घोड्याच्या पाठीवर कोणी नसतं. विसरून राहिलेली ही जागा नव्हे. देवाने येऊन बसावं म्हणूनच ती मोकळी सोडलेली असते. गुजरातचे चित्रकार हकु शाह यांनी या नवसाच्या मृण्मूर्तींचा आयुष्यभर माग काढला. त्यांच्यामुळेच शहरातल्या लोकांना हे घोडे म्हणजे ‘कुंभाराची खेळणी’ वाटायचे थांबले. तसं आपल्याकडचं दिवाणखान्यातलं प्रेम मिळालं ते बांकुऱ्याच्या घोड्याला. भारतीय हस्तकलेचं चिन्हच होऊन बसला तो. पोशिन्याचा घोडा बिचारा अजून झाडाखालीच आहे, आणि मला विचाराल तर तिथेच बरा.

राठव्यांच्या घरात हाच घोडा भिंतीवर चढतो. भिंतीवरच्या या नवसाच्या चित्राला पिठोरा म्हणतात आणि तो लिहिणाऱ्याला लखारा. नवस फेडणारा त्याला बोलावतो, भिंत भरते, आणि मग बडवो एकेका घोड्यापुढे उभा राहून तो कोणाचा ते सांगत जातो. माल ताब्यात घेताना इतकी कडक तपासणी मी दुसऱ्या कुठल्या धंद्यात ऐकलेली नाही.

इकडे गिरणेच्या खोऱ्यात घोड्यावर स्वार आला. मालेगावजवळचं चंदनपुरी हे खंडोबाच्या बाणाईचं गाव. १८६९ साली नाशिक जिल्हा झाला तोवर मालेगाव खानदेशातच होतं. तेव्हा खंडोबा इथल्या घरांना परका नाही. मल्हारीच्या कथेत मणी दैत्य मरताना आपला पांढरा घोडा देवाला देतो. म्हणजे खंडोबाचा घोडा शत्रूकडून आलेला! देव्हाऱ्यातल्या टाकावर तो उठावात दिसतो: वर देव, मागे म्हाळसा, पायाशी कुत्रा. भाऊ वेगळे झाले की नव्या चुलीबरोबर नवे टाक लागतात, आणि सोनाराला घोडा पुन्हा सांगितला जातो. चार बोटांच्या त्या पत्र्यावर घोडा नेहमीच जरा ठेंगणा येतो. त्याबद्दल कोणी तक्रार करत नाही, कारण बघायचं असतं ते स्वाराकडे.

पुतळ्यांचा काळ आला आणि स्वार आणखी जड झाला. १८७९ मध्ये मुंबईत प्रिन्स ऑफ वेल्सचा, म्हणजे पुढच्या सातव्या एडवर्डचा, अश्वारूढ पुतळा उभा राहिला. पैसे अल्बर्ट ससून यांचे, हात लंडनच्या जोसेफ एडगर बोम यांचा. पुढे त्याच एडवर्डचा नातू पुण्यात आला आणि १९ नोव्हेंबर १९२१ रोजी त्याने शिवाजी महाराजांच्या स्मारकाची कोनशिला बसवली. आजोबाचा घोडा मुंबईत आणि नातवाच्या हातून महाराजांच्या घोड्याचा पाया, ही गंमत तेव्हाही कोणाच्या तरी लक्षात आली असणार. पुतळा केला सासवण्याच्या विनायक पांडुरंग करमरकरांनी. नमुन्याला कोल्हापूर दरबारचा शहानवाज नावाचा घोडा होता. साडेतेरा फुटी पुतळा माझगाव गोदीत एकसंध ओतला गेला आणि १९२८ साली पुण्यात उभा राहिला. तोही आतून पोकळ. भरीव ओतला तर कांस्य थंड होताना दगा देतं आणि वजन पायांना पेलत नाही. कुंभाराला आव्याची भीती, शिल्पकाराला भट्टीची.

(घोड्याचा एक पाय वर असला की स्वार जखमी होऊन मेला, दोन असले की रणात पडला, असं छातीठोक सांगणारे पुष्कळ भेटतात. असा कुठलाही नियम शिल्पकाराला बांधत नाही. पाय किती उचलायचे ते तोल ठरवतो.)

करमरकरांचा पुतळा बसला तेव्हा धुळ्याजवळच्या गोंदूर गावात सुताराचा एक पोरगा तीन वर्षांचा होता. राम सुतार, जन्म १९ फेब्रुवारी १९२५. श्रीराम कृष्ण जोशी या शिक्षकांनी त्याचा हात ओळखला आणि त्याला मुंबईच्या जे. जे. मध्ये धाडलं. तिथे मेयो पदक मिळालं, मग काही वर्षं अजिंठा-वेरूळच्या मोडक्या मूर्ती सांधण्याची नोकरी झाली, आणि पुढे दिल्ली. जग त्यांना नर्मदेकाठच्या सरदार पटेलांमुळे ओळखतं. घोड्यांच्या हिशोबात मला जास्त मोलाचा वाटतो तो कुरुक्षेत्राचा कांस्यरथ. चार घोडे आणि चौघांच्याही पाठी मोकळ्या. अर्जुन मागे रथात, कृष्ण लगामाशी. स्वार नसल्यामुळे माना, छात्या, ताणलेले पाय सगळं उघडं पडतं. शिल्पकाराला लपायला खोगीरसुद्धा नाही.

आणि मुंबईचा तो पहिला घोडा? १९६५ मध्ये राजपुत्रासकट त्याला भायखळ्याच्या राणीच्या बागेत हलवलं. पुतळा होता तोवर लोकांनी त्याला राजपुत्राचं नाव दिलंच नव्हतं. चौकाला म्हणायचे काळा घोडा, आणि घोडा गेला तरी चौक काळा घोडाच राहिला. २०१७ साली तिथे नवा घोडा बसवायचं ठरलं तेव्हा श्रीहरी भोसले यांच्याकडून तो करून घेतला. काळा, ऐटबाज. पाठीवर कोणी बसवायचं नाही, हे सांगतानाच ठरलेलं होतं.