वसईचा वेढा व चिमाजीआप्पांचें नेतृत्व

वसईच्या मोहिमेसंबंधीं लोकांच्या तोंडीं असलेली आख्यायिका चिमाजीआप्पांच्या मस्तकाची होय. कोट हातीं येत नाहीं असें पाहून, निदान आपलें मस्तक तरी तोफेच्या तोंडीं देऊन आंत टाका, असें त्यांनीं सरदारांस सांगितलें, ही ती कथा. कथा वीररसाची आहे. परंतु त्या पुरुषाच्या नेतृत्वाचें मर्म तींत नाहीं, असें आमचें मत आहे. तें शोधावयाचें तर वेढ्याच्या क्रमांत व शेवटच्या करारांत शोधावें लागतें.

मोहिमेचा पाया परक्यांनीं घातलेला नव्हता. अणजूरचे गंगाजी नाईक व त्यांचे बंधु हे फिरंगाणांतील माहितगार लोक पुष्कळ वर्षें पेशव्यांकडे खेटे घालीत होते, आणि खाड्या, वाटा व ठाणीं यांची त्यांची माहिती आप्पांनीं कामीं लाविली. 1737 त ठाणें व साष्टी हातीं आली, अर्नाळाही आला. पण त्याच वर्षीं खुद्द वसईवर केलेले हल्ले फसले. शिड्या लावून हा कोट येत नाहीं, हा धडा तेथें मिळाला. 1739 च्या आरंभीं म्हणूनच आप्पांनीं आधीं माहीम, तारापूर इत्यादि बाजूचीं ठाणीं घेतलीं. तारापुरास बाजी भिवराव पडले. एवढा मोलाचा माणूस गेल्यावरही क्रम बदलला नाहीं, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

फेब्रुवारींत वेढा पडला. याच सुमारास नादिरशहानें दिल्ली लुटली. बाजीराव दक्षिणेंत चिंताक्रांत, आणि मल्हारराव होळकर व राणोजी शिंदे यांच्यासारखे सरदार वसईच्या वाळूंत गुंतलेले. वेढा उठवून उत्तरेकडे निघावयास याहून सबळ निमित्त कोणतें असूं शकेल? आप्पांनीं तें घेतलें नाहीं. त्यांची प्रकृतिही नाजूक होती. दुसरा एखादा सेनापति दोन्ही कामें अर्धीं अर्धीं करून बसला असता.

जमिनीकडील बाजू वाळूची. मोर्चे व सुरुंग चालविणें अत्यंत कष्टाचें. 13 मे रोजीं सुरुंग उडाले व तट फुटला. परंतु एक सुरुंग मागाहून उडून आंत घुसणारे मराठेच त्याखालीं गाडले गेले. दुसऱ्या दिवशीं पुन्हा हल्ला झाला. किल्लेदार सिल्व्हेरा द मेनेझिस वेढ्यांत आधींच पडला होता. त्याच्या मागून आलेल्या कायेतानो द सोझा परेरा यानें तह मागितला व 16 मे रोजीं करार झाला. (मुंबईकर इंग्रज जुनी गणना वापरीत, म्हणून त्यांच्या कागदांत हीच तारीख 5 मे अशी येते, वाचकांनीं घोटाळा करूं नये.) मराठ्यांकडील हिशेबानें त्यांचीं पांच हजार माणसें मेलीं वा जखमी झालीं.

इतकें रक्त सांडल्यावर कराराची भाषा कशी असावी? शिबंदीनें हत्यारें, निशाणें व नौबतीसह, बायकामुलें घेऊन निघून जावें. मागें राहणाऱ्या ख्रिस्त्यांस आपला धर्म पाळतां यावा. शहरांत एक, वसई बेटांत एक व साष्टींत एक अशीं तीन ख्रिस्ती देवळें राखावीं. कलम संकुचित आहे, हें आम्ही नाकारीत नाहीं. दोनशें वर्षांच्या फिरंगी जुलमानंतर तेवढेंही देणें मात्र सोपें नव्हतें. 23 मे रोजीं फिरंगी निघाले, आणि शब्द पाळला गेला. पांच हजारांचें दुःख ज्या छावणींत ताजें होतें, त्या छावणीला लुटीपासून आवरणें, हें मस्तक देण्याहून कठीण काम होय.

या शब्दाचा अर्थ समजावयाचा तर कोटापासून उत्तरेस, अर्नाळ्याच्या बाजूस असलेल्या वटार गांवीं जावें. तेथें व आसपास सामवेदी ब्राह्मण व सामवेदी ख्रिस्ती यांच्या वाड्या आहेत. केळी व पानवेली, आणि दोघांच्याही घरांत एकाच मुळाची बोली. शेजारीं निर्मळास विमलेश्वराचें देऊळ मराठ्यांच्या अमलांत पुन्हा उभें राहिलें, व ख्रिस्ती वस्तीही आपल्या जागीं राहिली. आप्पा स्वतः हें पाहावयास फार दिवस उरले नाहींत. डिसेंबर 1740 त त्यांचा अंत झाला. वटार, निर्मळ, नंदाखाल येथील ज्या कुटुंबांत सुभेदारीच्या काळच्या सनदा, महजर किंवा वतनाचे कागद असतील, त्यांनीं ते वाळवीच्या स्वाधीन न करितां नकलेसाठीं मंडळाकडे पाठवावे. नक्कल होतांच मूळ कागद परत केले जातील.