धुऱ्यापर्यंत चालताना : दूरस्थ श्वसन-पुनर्वसनाची प्रस्तावना

फेब्रुवारी 2021 मध्ये रिसोड तालुक्यातल्या देगावच्या निवासी शाळेत दोनशेहून अधिक विद्यार्थी कोरोनाबाधित निघाले आणि वाशिम जिल्ह्याचं नाव देशभरच्या बातम्यांत आलं. पाठोपाठ दुसऱ्या लाटेने राज्यभर मोठ्या माणसांना गाठलं. खाटा, ऑक्सिजन, रेमडेसिव्हिर यांचा हिशेब सगळ्यांनी ठेवला. घरी परतलेल्यांच्या दमाचा हिशेब मात्र फारसा कुणी ठेवला नाही. आपला अभ्यासविषय, म्हणजे रुग्णाला घरीच ठेवून फोनवरून करून घेतलेलं श्वसन-पुनर्वसन, तिथून सुरू होतो.

त्याच तालुक्यातल्या केनवडचा एखादा शेतकरी डोळ्यांसमोर आणा. न्यूमोनियातून उठलाय, औषधं संपलीत, पण घरून धुऱ्यापर्यंत जाताना दोनदा टेकावं लागतं. त्याला आठवड्यातून दोन-तीनदा, सहा-आठ आठवडे, व्यायामासाठी अकोल्याला बोलावणं म्हणजे येऊच नको म्हणण्यासारखं आहे. गाडीभाडं, बुडालेली मजुरी, सोबतीचं माणूस. शिवाय जायच्या-यायच्या धकाधकीतच त्याची शक्ती सरते.

त्याचा दम फक्त छातीतून येत नाही, हे नवख्या अभ्यासकाने आधी समजून घ्यावं. अंथरुणावरचे दिवस आणि स्टेरॉइड यांनी मांड्यांचे स्नायू झिजतात. झिजलेला स्नायू थोड्या कामातच थकतो, लॅक्टिक आम्ल लवकर साचतं आणि त्यामुळे तयार होणारा जास्तीचा कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकण्यासाठी श्वास वाढतो. दम लागतो म्हणून माणूस बसून राहतो, आणि बसून राहिल्याने स्नायू आणखी झिजतात. व्यायाम हे चक्र मांडीपाशी तोडतो. चीनच्या जिआंग्सू आणि हुबेई प्रांतांत कोविडमधून बरे झालेल्या 120 जणांच्या चाचणीत हेच दिसलं. मोबाइलवरून सहा आठवडे व्यायाम मिळालेला गट सहा मिनिटांच्या चालण्यात दुसऱ्या गटापेक्षा सुमारे 65 मीटर पुढे गेला. फुप्फुसांच्या बहुतेक मोजमापांत मात्र मोठा फरक पडला नाही. सीओपीडीसारख्या फुप्फुसांच्या जुनाट आजारांबाबत 2021 च्या कॉक्रेन समीक्षेने 15 अभ्यास आणि 1,904 रुग्ण तपासले. दूरस्थ आणि केंद्रातल्या पुनर्वसनाचे परिणाम जवळपास सारखेच निघाले.

पण म्हणून व्यायामाचा व्हिडिओ पाठवून दिला की काम झालं, असं कुणी समजू नये. माझ्या मते या उपचाराचा प्राण फोनच्या पलीकडे ऐकणाऱ्या माणसात आहे. सुरुवात रुग्णाची ताकद मोजण्यापासून होते. सहा मिनिटांच्या चालण्याच्या चाचणीला 30 मीटरची सरळ, मोकळी जागा लागते. घरात ती नसते. तिथे एक खुर्ची पुरते. खुर्ची भिंतीला टेकवायची, हात छातीशी घ्यायचे आणि एका मिनिटात किती वेळा उठबस होते ते मोजायचं. पहिल्या वेळी आशाताई शेजारी असाव्यात, फोन स्पीकरवर. बोटाला ऑक्सिमीटर लावण्याआधी हात चोळून गरम करून घ्यावेत, कारण गार बोटावर आकडा चुकतो. ऑक्सिजनचा आकडा 88 टक्क्यांच्या खाली उतरला की थांबायचं. मग विचारायचं, "भाऊ, शून्य ते दहात दम किती?" उत्तर देताना वाक्य मध्येच तुटत असेल, तर सांगितलेल्या आकड्यापेक्षा त्या तुटण्यावर विश्वास ठेवावा. धाप लागलीच तर कोपर गुडघ्यांवर टेकून पुढे वाकायचं आणि ओठांचा चंबू करून श्वास सावकाश सोडायचा.

एक सावधगिरी मी विद्यार्थ्यांना वारंवार बजावतो. कोविडनंतर काहींना श्रमानंतर लगेच काही होत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माणूस आडवा होतो. अशांना दर आठवड्याला व्यायाम वाढवत नेणं घातक ठरतं. त्यांची कामं तोडून, विसाव्यासह आखून द्यावी लागतात. म्हणून आजच्या फोनपेक्षा परवाचा फोन महत्त्वाचा. सोंगणीच्या दिवसांत रुग्ण फोन उचलणार नाही, तेव्हा वेळ त्याच्या सोयीने ठरवावी.

कोविडच्या निमित्ताने जमलेलं हे ज्ञान क्षयरोगातून बऱ्या झालेल्यांनाही लागू पडतं. जंतू गेले तरी फुप्फुसावरचे व्रण राहतात, आणि असे रुग्ण आपल्याकडे फार आहेत. गावातल्या एका खुर्चीवर आणि साध्या फोनवर त्यांच्यासाठी काय उभं करता येईल, हे काम अजून व्हायचं आहे. फिजिओथेरपीचे विद्यार्थी, परिचारिका, आशाताई, तुम्ही सगळे त्यात हवे आहात.