तंजावरची विटांची भिंत: उष्णता, ओल आणि चुना

तंजावरचे बृहदीश्वर मंदिर ग्रॅनाइटचे आहे. त्याच नगरातील राजवाडा मात्र मुख्यत्वे वीट आणि चुन्याचा. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात दगड दुर्मीळ, गाळाची माती विपुल. सोळाव्या शतकात नायक राजांनी आरंभिलेला हा वाडा १६७६ च्या सुमारास व्यंकोजीराजे भोसले यांच्याकडे आला आणि १८५५ मध्ये राज्य संपुष्टात येईपर्यंत मराठी राजसत्तेचे केंद्र राहिला. दुसऱ्या सरफोजीराजांनी (कारकीर्द १७९८ ते १८३२) समृद्ध केलेले सरस्वती महाल ग्रंथालय याच परिसरात आहे. संस्कृत, तमिळ, तेलुगू व मराठी हस्तलिखिते, ताडपत्रे आणि मोडी कागद तेथे जतन झाले आहेत. हवेची सापेक्ष आर्द्रता दीर्घकाळ ६५ ते ७० टक्क्यांच्या वर राहिली, की अशा कागदांवर बुरशी धरते. म्हणून भिंतीतील ओल हा येथे केवळ बांधकामाचा प्रश्न नाही. तो इतिहासाच्या साधनांचाही प्रश्न आहे.

जुनी भरीव भिंत पाणी पूर्णपणे अडवीत नाही. ती पावसात थोडे पाणी शोषते, जमिनीतूनही ओढते आणि कोरड्या दिवसांत दोन्ही बाजूंनी ते सोडून देते. चुन्याचा गिलावा या येरझारीला आडकाठी करीत नाही. भिजवलेला चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा चुनखडीचे रूप धारण करतो. तरीही त्यात सूक्ष्म छिद्रे उरतात आणि बाष्प बाहेर पडते. तमिळ प्रदेशातील कारागीर चुन्यात हिरड्याचे पाणी व गूळ मिसळत. दीड फुटी भिंतीतून दुपारची उष्णता आत पोहोचण्यास दहा तासांहून अधिक वेळ लागतो. या विलंबामुळेच जुन्या दालनांत दुपारी गारवा जाणवतो.

सरफोजीराजांच्याच काळात, १८२४ मध्ये, इंग्लंडमध्ये जोसेफ अ‍ॅस्पडिन याने पोर्टलंड सिमेंटचे पेटंट घेतले. भारतात १९१४ पासून पोरबंदर येथे सिमेंटचे उत्पादन होऊ लागले आणि पुढे जुन्या भिंतींच्या डागडुजीतही ते शिरले. सिमेंटचा घट्ट थर पाण्याची वाट अडवतो. ओल आतच कोंडते, क्षार साचतात, भिंतीला लोणा लागतो आणि पोपडे सुटतात. शिवाय ओली वीट कोरड्या विटेपेक्षा उष्णता अधिक वाहून नेते. म्हणजे ओलावलेली भिंत उष्णतारोधक म्हणूनही दुबळी ठरते.

भिंतीला आतून उष्णतारोधक थर देण्याचे शास्त्र प्रामुख्याने थंड देशांत घडले. तेथे घरातील उबदार, दमट हवा बाहेरच्या दिशेने जाते. आतून थर दिला की मूळ वीट अधिक थंड पडते आणि थराच्या मागे बाष्पाचे पाणी होते. जर्मनीतील हेल्मुट ग्लासर याने १९५८-५९ मध्ये हे गणिताने तपासण्याची पद्धत मांडली. तिच्यातून खोलीच्या बाजूस बाष्परोधक पडदा लावण्याचा नियम दृढ झाला. मात्र त्या पद्धतीत पावसाचे पाणी, विटेतील केशाकर्षण आणि साठलेली ओल यांचा हिशेब नव्हता. तो १९९० च्या दशकात होल्झकिर्खेन येथील फ्राउनहोफर संस्थेत हार्टविग क्युन्झेल यांनी संगणकीय प्रतिमानात एकत्र आणला.

तंजावरात हाच नियम उलटा पडतो. बाहेर तापमान ३२ अंश सेल्सिअस आणि सापेक्ष आर्द्रता ७५ टक्के असल्यास दवबिंदू सुमारे २७ अंश येतो. वातानुकूलित खोली २४ अंशांवर असेल, तर बाष्प बाहेरून आत सरकते. खोलीच्या बाजूस प्लॅस्टिकचा पडदा असेल, तर त्याची मागची बाजू दवबिंदूहून थंड राहते आणि तेथेच पाणी जमते. युरोपात भिंत राखणारा पडदा येथे तिचा शत्रू ठरतो.

यावरून कामाचा क्रम स्पष्ट होतो. प्रथम छत, पन्हाळी आणि पायाजवळचा निचरा दुरुस्त करावा. या अक्षांशावर सूर्य बराच काळ माथ्यावर असल्याने उष्णतेचा मोठा वाटा छतातूनच येतो. नंतर सिमेंटचा गिलावा, विटेला इजा न होईल अशा रीतीने, काढावा आणि भिंत पूर्ण वाळू द्यावी. त्यानंतरही आतून थर आवश्यक वाटल्यास तो पाणी शोषून पुन्हा सोडणारा असावा: कॅल्शियम सिलिकेटच्या पाट्या, किंवा तागासारख्या वनस्पतींचे तंतू घातलेला चुना. थर पातळ असावा, मागे पोकळी न ठेवता चिकटवावा, वर चुन्याचाच हात द्यावा. प्लॅस्टिक रंग टाळावा. त्याची किंमतही ध्यानात घ्यावी: आतला थर खोलीला भिंतीच्या जडपणाच्या लाभापासून काही अंशी तोडतो. जे दालन दिवसभर यंत्राने थंड केले जात नाही, तेथे बाहेरची सावली आणि रात्रीचे वायुवीजन हेच अधिक उपकारक.

तापमान वाढत असताना जुन्या वास्तूंत वातानुकूलन येणे स्वाभाविक आहे. परंतु उपाय निवडण्यापूर्वी एक प्रश्न विचारायलाच हवा: या भिंतीतील पाणी कोणत्या ऋतूत, कोणत्या दिशेने जाते? तंजावरात ईशान्य मोसमी पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर कोसळतो आणि पुढे उन्हाळा भिंत वाळवतो. हा वाळण्याचा मार्ग मोकळा राहिला, तरच भिंत टिकेल आणि तिच्या आडोशाला असलेले कागदही टिकतील.