साथीतील बातमी आणि तिच्याखालची सही

साथीच्या इतिहासात मृतांचे आकडे सापडतात, कायद्यांची कलमे सापडतात, लसींच्या तारखा सापडतात. त्या दिवसांत माणसे एकमेकांना काय सांगत होती, याचा हिशोब मात्र सहसा कोणी ठेवीत नाही. कोविडच्या वेळी तो प्रश्न एकाएकी मोठा झाला. रोगाबरोबर माहितीचीही साथ आली आहे, असा इशारा जागतिक आरोग्य संघटनेने फेब्रुवारी २०२० मध्ये दिला, आणि हे खूळ मोबाइलनेच आणले असे आपल्यापैकी पुष्कळांना वाटले. आम्हांस ते पटत नाही. मोबाइलने वेग दिला, यात शंका नाही. परंतु रोग जुना, भय जुने आणि कंड्या पिकविण्याची हौसही जुनीच. त्यासाठी मुंबई-पुण्याच्या १८९६-९७ च्या प्लेगाकडे वळू या.

२३ सप्टेंबर १८९६ रोजी डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी मांडवी भागातील एका रोग्याला तपासून हा प्लेग आहे, असे निदान केले. प्लेगात पिसवांचा हात आहे, हे सिमाँ या फ्रेंच संशोधकाने १८९८ मध्ये दाखविले. तेव्हा १८९६ साली खुद्द सरकारी डॉक्टरांनाच रोगाची वाट ठाऊक नव्हती. गटारांतून कार्बोलिक आणि समुद्राचे पाणी सोडणे चालले होते. लोकांना एवढेच दिसत होते की, इस्पितळात नेलेला माणूस घरी परतत नाही. रोगी तेथे पोचे तो बहुधा शेवटच्या घटकेला, हे त्यांना कोणी समजावून सांगितले नाही. मग वावडी उठली की, तेथे माणसे मारून त्यांचे तेल काढतात. त्याच ऑक्टोबरात मुंबईतील व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्याला कोणी डांबर फासले होते. त्याचा सूड म्हणून राणीने मुंबईकरांची काळजे मागविली आहेत, अशीही आवई पसरली. महिनाअखेर गिरणी-कामगारांचा मोठा जमाव आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेला.

या कंड्यांना आज हसणे सोपे आहे. परंतु अफवेच्या पोटात एक तक्रार होती: आमचे माणूस तुम्ही कोठे नेता, आणि आम्हांला का भेटू देत नाही? ती तक्रार ऐकली गेली असती, तर तेलाची गोष्ट फार दिवस टिकली असती असे आम्हांस वाटत नाही.

फेब्रुवारी १८९७ मध्ये साथीच्या रोगांचा कायदा झाला आणि पुण्यास रँडसाहेबांची प्लेग-कमिटी आली. १३ मार्चपासून १९ मेपर्यंत गोरे शिपाई घरांत शिरून तपासणी करीत होते. या काळात पुण्याच्या वृत्तपत्रांनी केलेले काम नीट पाहिले पाहिजे, कारण त्याचे स्मरण बहुधा पुढच्या खटल्यापुरतेच उरते. 'केसरी'ने आरंभी रोगी वेगळे ठेवण्याची गरज मान्य केली होती. गाव सोडून पळालेल्या पुढाऱ्यांवर टिळकांनी कोरडे ओढले, आणि स्वतः शहरात राहून वर्गणीतून हिंदूंसाठी इस्पितळ चालविले. मात्र देवघरे, माजघरे, बायकामाणसे यांची विटंबना होते, ही लोकांची ओरडही तेच पत्र छापीत होते. एकाने वाचावे आणि दहांनी ऐकावे, असा तो जमाना. सावधगिरीचा सल्ला आणि गाऱ्हाणे ही दोन्ही एकाच अंकात असल्यामुळेच तो सल्ला लोकांना आपला वाटे. सरकारला मात्र त्या अंकात गाऱ्हाण्यापलीकडे काही दिसेना.

आता गोखल्यांची गोष्ट. ती आम्हांस सर्वांत बोधक वाटते. वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी ते १८९७ साली विलायतेत होते. पुण्याच्या स्नेह्यांकडून पत्रे येत होती. शिपायांनी दोन स्त्रियांवर अत्याचार केले आणि त्यांपैकी एकीने जीव दिला, असा मजकूर त्यांत होता. विश्वासू माणसांचे हस्ताक्षर, दूरचे ठिकाण, मनात संताप! गोखल्यांनी ही हकीकत 'मँचेस्टर गार्डियन'कडे दिली. पार्लमेंटात प्रश्न झाले, मुंबई सरकारने साफ इन्कार केला. गोखले परतले तेव्हा पुरावा द्यायला कोणी पुढे येईना. लिहिणाऱ्यांची नावे त्यांनी उघड केली नाहीत आणि ऑगस्टमध्ये जाहीर माफी मागितली. विलायतेत ते खोटे ठरले, घरी भेकड. एकही घटना घडली नसेल, असे यावरून सिद्ध होत नाही. पण सहीवाचून आलेल्या मजकुराखाली आपली सही घालणाऱ्याला काय भरावे लागते, हे मात्र दिसते. त्याच वर्षी पंडिता रमाबाईंनी पुण्याच्या प्लेग-व्यवस्थेत बायकांचे होणारे हाल 'बाँबे गार्डियन' पत्रात स्वतःच्या नावाने मांडले होते. ज्याला जाब विचारता येईल असे माणूस त्या तक्रारीमागे उभे होते.

दरम्यान २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. टिळकांना राजद्रोहाखाली अठरा महिन्यांची शिक्षा झाली, नातू बंधूंना १८२७ च्या जुन्या नियमाखाली चौकशीवाचून अडकविण्यात आले, आणि १८९८ साली राजद्रोहाचे कलम आणखी रुंद करण्यात आले. प्लेग यामुळे हटला नाही, हे सांगावयास नकोच.

आता १२३ वर्षे ओलांडून येऊ. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदी चालू असताना पालघर जिल्ह्यात गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा चालक जमावाच्या हातून मारले गेले. मुले पळविणारे, अवयव काढणारे हिंडत आहेत, अशा अफवा त्या भागात फिरत होत्या. आर्थर रोडचे तेल आणि हे अवयव, यांत फारसे अंतर नाही. फरक एवढाच की, गोखल्यांना पत्र लिहिणारा स्नेही निदान त्यांना ठाऊक होता. पुढे ढकललेल्या संदेशाचा मूळ धनीच सापडत नाही. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने फार फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठविता येईल, असा निर्बंध घातला. वेग त्याने कमी झाला असेल. खालची सही काही परत आली नाही.

ती आली पुढच्या वर्षी, आणि वेगळ्याच वाटेने. एप्रिल २०२१ मध्ये प्राणवायू आणि खाटा मिळेनात, तेव्हा लोक त्याच माध्यमांवर रोग्याचे नाव, इस्पितळ आणि नातेवाइकाचा फोन नंबर लिहून मदत मागू लागले. कोठे कोठे असे लिहिणाऱ्यांवरच अफवेचा ठपका येऊ लागला. ३० एप्रिल रोजी सर्वोच्च न्यायालयाने बजावले की, असे गाऱ्हाणे मांडणाऱ्या नागरिकाची मुस्कटदाबी केल्यास तो न्यायालयाचा अवमान समजला जाईल. आणि अनोळखी तरुण मुले रात्र रात्र जागून यादीतला एकेक नंबर फिरवीत होती. सिलिंडर खरोखर आहे का, हे विचारून मगच ती यादी पुढे धाडीत, आणि नंबरासमोर विचारल्याची वेळ लिहून ठेवीत.