बटाट्याची पुरी

कणकेत उकडलेला बटाटा मळून केलेली तळीव पुरी. उत्तर भारतातील आलू-पूरी म्हणजे साधी पुरी आणि सोबत बटाट्याची रस्साभाजी, ती वेगळी. मुंबईच्या भेळवाल्याकडची शेव-बटाटा पुरी तर त्याहून वेगळी. ‘बटाटा’ हा शब्द पोर्तुगीजांकडून मराठीत आला.

साधारण दोन वाट्या कणकेला एक वाटी कुस्करलेला बटाटा लागतो. त्यात ओवा, हळद, तिखट, मीठ, कोथिंबीर घालतात. पीठ भिजवताना पाणी जवळपास लागतच नाही. बटाट्यात सुमारे ८० टक्के पाणी असते आणि ते मळताना सुटते. नवशिका नेमका इथेच फसतो, सवयीने पाणी ओततो. मळलेला गोळाही ठेवला की सैल पडतो, म्हणून लगेच लाटावे. बटाटा गार करून किसून घेतलेला बरा; गुठळी राहिली तर पुरी तिथेच फाटते, वाफ निसटते आणि ती फुगत नाही.

पुरी कडकडीत तेलात सोडून झाऱ्याने हलकेच दाबतात. ती टम्म फुगली की उलटतात. फ्रिजमधल्या बटाट्यात साखर वाढलेली असते, त्यामुळे पुरी लवकर काळपटते. ही पुरी गार झाली तरी मऊ राहते, म्हणून प्रवासाच्या डब्यात लोणच्यासोबत चालते. उपवासाला कणकेऐवजी राजगिऱ्याचे पीठ घेतात. त्यात ग्लुटेन नसल्याने पीठ बांधून ठेवण्याचे काम बटाटाच करतो.