सत्यकथा

मराठीतील वाङ्मयीन मासिक (१९३३–१९८२). गिरगावातील खटाववाडीतून ‘मौज’ परिवाराने ते चालवले. आरंभीच्या रंजनपर मासिकाला चोखंदळ वळण दिले ते श्री. पु. भागवत यांनी. गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, व्यंकटेश माडगूळकर यांची नवकथा येथेच रुजली.

राम पटवर्धन यांनी केलेले ‘सत्यकथे’चे संपादन हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. आलेली कथा छापायची की नाही, एवढ्यावर त्यांचे काम संपत नसे. कथा कुठे सैल पडली, शेवट का पटत नाही, हे ते लेखकाला पत्राने कळवत आणि पुनर्लेखन करवून घेत. नवख्यांना याचा जाच वाटे. घडलेही त्यातूनच अनेकजण. पटवर्धनांची भाषेची जाण ‘पाडस’ या त्यांच्या अनुवादातही दिसते.

या काटेकोरपणाचीच मक्तेदारी झाली, असा लघुनियतकालिकांच्या तरुणांचा आक्षेप होता. त्यांपैकी राजा ढाले यांनी ‘सत्यकथे’वर कडाडून टीका केली आणि १९६९ मध्ये अंकाची जाहीर होळी झाली. आक्षेपात तथ्य होते, मात्र ‘सत्यकथा’ निव्वळ सोवळी होती हे म्हणणे अतिरेकी ठरते. १९८२ मध्ये मासिक बंद पडले. ‘मौज’चा दिवाळी अंक मात्र त्यानंतरही निघत राहिला.